छपरांवरील सौरऊर्जेचा अदमास : ड्रोन मोजणी व नकाशा यांचा उपयोग

सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करण्याची साधने आता खेडोपाडी पोहोचली आहेत. घराच्या गच्चीवर, गोठ्याच्या पत्र्यावर किंवा सहकारी सोसायटीच्या गोदामावर सौर पॅनेल बसविलेले दृश्य नवलाचे राहिलेले नाही. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यामधील मान्याचीवाडी हे गाव २०२४ साली राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले. त्यानंतर आपल्याही गावाने या मार्गाने जावे, असे अनेक ग्रामपंचायतींना वाटू लागले आहे. अशा वेळी सर्वप्रथम प्रश्न उपस्थित होतो तो हा की, गावातील छपरांवर एकंदर किती वीज निर्माण होऊ शकेल, आणि त्यातील आपल्या छपराचा वाटा किती?

या प्रश्नाचे उत्तर केवळ अंदाजाने देणे धोक्याचे आहे. पॅनेल एकदा बसविले म्हणजे ते वीस-पंचवीस वर्षे त्याच जागी राहावयाचे असते. त्यासाठी घातलेला पैसा बहुधा कर्जाऊ असतो. जागेची निवड चुकली तर वीज कमी मिळते, परंतु कर्जाचा हप्ता कमी होत नाही. म्हणून आकाशातून केलेली ड्रोन मोजणी व तीवरून तयार केलेले नकाशे यांचा या कामी कसा उपयोग करावा, आणि कोणत्या बाबतीत त्यांच्यावर विसंबू नये, याची माहिती प्रस्तुत लेखात देण्याचा विचार आहे.

गावठाणाची ड्रोन मोजणी

शेतजमिनीची मोजणी आपल्याकडे पूर्वीपासून झालेली आहे. परंतु गावठाणातील घरांच्या जागांचे नकाशे बहुतेक गावांत नव्हते. ही उणीव दूर करण्यासाठी पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनद्वारे गावठाण मोजणीचा प्रयोग करण्यात आला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने स्वामित्व योजना सुरू केली व हे काम देशभर हाती घेण्यात आले. राज्यात भूमि अभिलेख विभाग, ग्रामविकास विभाग व भारतीय सर्वेक्षण विभाग यांच्या सहकार्याने ही मोजणी होते. मिळकतीच्या हद्दी जमिनीवर चुन्याने आखून घ्यावयाच्या, ड्रोनने छायाचित्रे घ्यावयाची व त्यावरून नकाशा व मिळकत पत्रिका तयार करावयाच्या, असा हा क्रम आहे.

या मोजणीचा मूळ हेतू मालकीची नोंद हा असला, तरी त्याच छायाचित्रांत प्रत्येक घराचे छप्पर स्पष्ट दिसते. म्हणून ज्या गावाची मोजणी झालेली आहे, तेथे छपरांच्या अभ्यासाची पहिली पायरी आधीच चढून झाली आहे, असे समजण्यास हरकत नाही. नवी मोजणी करण्यापूर्वी जुने नकाशे उपलब्ध होतात काय, याची चौकशी भूमि अभिलेख कार्यालयात अवश्य करावी.

मोजणीची रीत

ड्रोन ठराविक उंचीवरून नांगराच्या तासांप्रमाणे समांतर रेषांत उडविला जातो व थोड्या थोड्या अंतरावर खालील भूभागाचे छायाचित्र घेतो. लागोपाठच्या दोन छायाचित्रांत बराचसा भाग समाईक असावा लागतो. आपण दोन डोळ्यांनी पाहतो म्हणून आपल्याला वस्तूच्या अंतराची जाणीव होते. त्याचप्रमाणे एकच कौल किंवा एकच कठडा निरनिराळ्या ठिकाणांहून घेतलेल्या छायाचित्रांत सापडला, म्हणजे त्याची उंची गणिताने काढता येते. छपरांच्या कामासाठी पुढील दिशेने ८० टक्के व बाजूस ७० टक्के भाग समाईक ठेवणे चांगले.

उदाहरणादाखल ५०० मीटर लांब व ४०० मीटर रुंद, म्हणजे २० हेक्टरांचे गावठाण घेऊ. १०० मीटर उंचीवरून एका छायाचित्रात १५० मीटर बाय १०० मीटर एवढा भूभाग येईल असा कॅमेरा असल्यास, दर २० मीटरांवर एक छायाचित्र व दोन रेषांत ४५ मीटर अंतर ठेवावे लागेल. अशा सुमारे १० रेषा व प्रत्येक रेषेत २६ छायाचित्रे धरल्यास एकूण २६० छायाचित्रे होतात. छायाचित्राच्या रुंदीत ५,४७२ बिंदू असतील, तर एक बिंदू जमिनीवरील पावणेतीन सेंटिमीटर भाग दाखवील. एवढ्या बारकाव्याने पाण्याची टाकी, जिन्याची खोली व गच्चीचा कठडा सहज ओळखता येतात. सेकंदास ८ मीटर वेग धरल्यास हे काम वळणांसह पाव तासात आटोपते.

उड्डाणापूर्वी जमिनीवर काही ठळक खुणा करून त्यांचे अचूक स्थान उपग्रहाधारित यंत्राने मोजून ठेवावे. त्यामुळे नकाशाचे माप खरे येते. उड्डाण दुपारी बाराच्या सुमारास, वारा पडलेला असताना करावे. पावसाळा संपल्यानंतरचा काळ यासाठी उत्तम होय, कारण हवा स्वच्छ असते व झाडे पूर्ण पानांवर असतात. माघ-फाल्गुनात पानगळ झाल्यावर मोजणी केल्यास झाडाची खरी सावली हिशेबातून निसटते.

ड्रोन उडविण्याबाबत २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उड्डाणास मुभा असली, तरी विमानतळाजवळ व इतर निषिद्ध क्षेत्रांत परवानगी आवश्यक असते. हे काम नोंदणीकृत ड्रोन व प्रमाणपत्रधारक चालक यांच्याकडूनच करवून घ्यावे. गावात आगाऊ दवंडी देऊन लोकांना मोजणीचा हेतू समजावून सांगावा. घरावरून काहीतरी घिरट्या घालीत आहे, एवढेच दिसल्यास गैरसमज होणे स्वाभाविक आहे.

दोन नकाशे

या छायाचित्रांपासून दोन नकाशे तयार होतात. पहिला मापाचा छायाचित्र-नकाशा होय. यात प्रत्येक वस्तू अगदी वरून पाहिल्याप्रमाणे आपल्या खऱ्या जागी येते व छपराची लांबी-रुंदी त्यावरून मोजता येते. दुसरा उंचीचा नकाशा. यात प्रत्येक बिंदूची उंची नोंदलेली असते व छपराचा उतार, कठड्याची उंची, शेजारचे घर व झाड यांचे मान कळते.

सौरऊर्जेच्या दृष्टीने दुसरा नकाशा अधिक महत्त्वाचा आहे. पहिल्यावरून छप्पर किती मोठे आहे ते कळते. त्यावर ऊन किती वेळ राहील, हे दुसऱ्याखेरीज कळत नाही. दुपारच्या छायाचित्रात जेथे स्वच्छ ऊन दिसते, तेथे पौषातल्या सकाळी गडद सावली असू शकते.

छपरांचे प्रकार

नकाशावरील सर्व छपरे सारख्याच योग्यतेची नसतात. काँक्रीटची गच्ची सपाट व मजबूत असल्याने सर्वांत सोयीची असते. पत्र्याच्या छपरावर पॅनेल बसविता येतात, परंतु खालील कैच्या व वासे वजन पेलणारे असावे लागतात. कौलारू छपरावर काम जिकिरीचे असते व कौले फुटून गळती लागण्याचा संभव असतो. मातीचे माळवद किंवा धाबे आधीच आपल्या वजनाने भारावलेले असते. त्यावर पॅनेल बसविण्याचा विचार करू नये.

उतरत्या छपराची दिशाही पाहावी लागते. पुण्याच्या अक्षांशावर २२ डिसेंबर रोजी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश उंचीवर, दक्षिणेकडे असतो. त्या वेळी सूर्यकिरणांस काटकोनात धरलेल्या पृष्ठभागावर १०० भाग ऊन पडते असे मानल्यास, सपाट गच्चीवर ७४ भाग, दक्षिणेकडे २५ अंश उतरत्या पाख्यावर ९६ भाग, आणि तितक्याच उतरत्या उत्तरेच्या पाख्यावर केवळ ३९ भाग पडते. वर्षभराचा हिशेब केल्यास हा फरक इतका राहत नाही, कारण उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो. तथापि दोन्ही पाखी सारखीच धरून हिशेब करणे बरोबर होणार नाही. पूर्व व पश्चिम पाखी मध्यम प्रतीची समजावीत.

सावलीचा हिशेब

वर्षातील सर्वांत लांब सावल्या २२ डिसेंबरच्या सुमारास पडतात. म्हणून त्या दिवशी सूर्यमानाने सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत जेथे सावली येत नाही, ती जागा उत्तम समजण्याचा प्रघात आहे. पुण्याकडे सूर्याचे मध्यान्ह त्या दिवशी घड्याळाच्या साडेबाराच्या पुढे होते. तेव्हा घड्याळाप्रमाणे ही वेळ साधारणतः साडेनऊ ते साडेतीन अशी येते.

पुण्याच्या अक्षांशावर त्या दिवशी १ मीटर उंच वस्तूची सावली मध्यान्ही सुमारे ०.९ मीटर असते. सकाळी नऊ वाजता ती पावणेदोन मीटरांहून थोडी अधिक होते व वायव्येकडे पडते. म्हणजे उत्तरेस १.२ मीटर व पश्चिमेस १.३३ मीटर पसरते. दुपारी तीन वाजता तीच सावली तेवढ्याच मापाने ईशान्येकडे जाते. विदर्भात अक्षांश जास्त असल्यामुळे हे माप किंचित वाढते. उंचीच्या नकाशात १५ सेंटिमीटरची चूक राहिली, तर सकाळच्या सावलीत सुमारे २७ सेंटिमीटरची चूक येते, हेही ध्यानात ठेवावे.

एका गच्चीचे उदाहरण

पूर्व-पश्चिम १२ मीटर व उत्तर-दक्षिण ८ मीटर, म्हणजे ९६ चौरस मीटर क्षेत्राची काँक्रीटची गच्ची आहे असे समजू. भोवती १ मीटर उंचीचा कठडा आहे. पॅनेल २.२८ मीटर लांब, १.१३ मीटर रुंद व ५४० वॅट शक्तीचे असून ते दक्षिणेकडे १५ अंश कलते, खालची कड गच्चीपासून ०.४ मीटर उंच ठेवून बसवावयाचे आहेत.

कठड्याचा ०.६ मीटर भाग पॅनेलच्या खालच्या कडेहून उंच राहतो. त्याच्या सावलीसाठी दक्षिणेस सुमारे ०.७ मीटर व पूर्व-पश्चिमेस प्रत्येकी ०.८ मीटर जागा सोडावी लागते. पुढच्या ओळीची सावली मागच्या ओळीवर पडू नये म्हणून दोन ओळींत ०.७ मीटर अंतर हवे. याप्रमाणे मांडणी केल्यास प्रत्येकी ९ पॅनेलच्या दोन ओळी बसतात व उत्तरेस वावरण्यास जागा उरते. एकूण १८ पॅनेल, म्हणजे सुमारे ९.७ किलोवॅट. एका किलोवॅटला दहा चौरस मीटर गच्ची लागते, असा जो ढोबळ नियम सांगतात, त्याच्याशी हे उत्तर जुळते.

आता याच गच्चीवर ३ मीटर बाय २ मीटर मापाची जिन्याची खोली व तीवर पाण्याची टाकी आहे, आणि टाकीचा माथा गच्चीपासून ३.६ मीटर उंच आहे असे धरू. ही खोली वायव्य कोपऱ्यात असल्यास तिची हिवाळ्यातील सावली गच्चीबाहेर किंवा ओळींच्या मागे पडते व अठराही पॅनेल बसू शकतात. जूनमध्ये सूर्य उत्तरेकडे झुकतो तेव्हा दुपारनंतर मागच्या ओळीतील दोन-तीन पॅनेलच्या वरच्या कडेवर थोडी सावली येईल, परंतु ते दिवस ढगाळ असल्याने नुकसान अल्प होय. तीच खोली आग्नेय कोपऱ्यात असल्यास मात्र सकाळी तिची सावली पश्चिमेस सव्वाचार मीटर व उत्तरेस पावणेचार मीटरपर्यंत पसरते. मग पुढच्या ओळीत ४ व मागच्या ओळीत ३, असे सातच पॅनेल निर्वेध उन्हात राहतात, म्हणजे ३.८ किलोवॅट.

गच्ची तीच, क्षेत्र तेच, परंतु एका खोलीच्या जागेमुळे क्षमता निम्म्याहूनही खाली आली. केवळ क्षेत्रावरून केलेला गावाचा अदमास का फसतो, हे यावरून लक्षात येईल. नवीन घर बांधणाऱ्यांनी यावरून बोध घ्यावा व जिना आणि टाकी शक्यतो उत्तरेच्या बाजूस घ्यावी. त्यासाठी जादा खर्च पडत नाही.

आकाशातून न दिसणाऱ्या गोष्टी

ड्रोनला छपराचा वरचा भाग दिसतो. त्याखालची स्थिती दिसत नाही. नकाशात एकसारखे दिसणारे दोन पत्रे प्रत्यक्षात एक नव्या लोखंडी कैचीवर व दुसरा वाळवी लागलेल्या वाशावर असू शकतो. पॅनेल व त्यांचा सांगाडा यांचे वजन दर चौरस मीटरला पंधरा किलोच्या आसपास भरते. त्याहून मोठा धोका वाऱ्याचा असतो, कारण कलते पॅनेल वाऱ्यात उचलले जाते. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत असंख्य छपरे उडविली. कोकणात व उघड्या माळावर बांधकामाच्या जाणकाराने खालून तपासणी केल्याशिवाय कोणतेही छप्पर योग्य ठरवू नये.

ड्रोनला वळचणीची कड दिसते, भिंत दिसत नाही. म्हणून छपराचे क्षेत्र म्हणजे आधाराचे क्षेत्र नव्हे. विजेच्या तारा, बारीक खांब व तबकड्या उंचीच्या नकाशात बहुधा पुसट होतात. झाड आज जेवढे आहे तेवढेच नोंदले जाते, परंतु कडुनिंब पाच वर्षांत किती वाढेल ते नकाशा सांगत नाही. दक्षिणेचा शेजारी उद्या आपल्या कठड्यापुढे ३ मीटर उंचीचा दुसरा मजला चढवील, तर त्याची सकाळची सावली उत्तरेस सुमारे साडेतीन मीटर आत येईल. म्हणून काम करण्यापूर्वी त्याच्याशी मोकळेपणी बोलून घ्यावे. घरासमोरील आंबा किंवा फणस पॅनेलसाठी तोडण्याची घाई करू नये. अशा वेळी गोठ्याचे किंवा कांदाचाळीचे छप्पर पाहावे.

मालकीचा प्रश्नही असाच आहे. गावठाणातील पुष्कळ घरे भाऊबंदांत सामाईक असतात. नकाशात एकच छप्पर दिसते, पण मिळकत पत्रिकेवर नावे तीन-चार असतात. पंचवीस वर्षांच्या कामासाठी सर्वांची लेखी संमती आधीच घेतलेली बरी. वाटणीच्या वेळी पॅनेल हे नव्या तंट्याचे कारण होऊ नये.

गरज किती, पैसा किती

महाराष्ट्रात एका किलोवॅटपासून दिवसास सरासरी चार युनिट वीज मिळते असे धरण्यास हरकत नाही. पावसाळ्यात ती घटते. कडक उन्हाळ्यात प्रकाश भरपूर असला, तरी पॅनेल तापल्यामुळे उत्पादन काहीसे कमी होते. २५ अंश सेल्सिअसच्या वर दर अंशास सुमारे एक तृतीयांश टक्क्याने ते घटते. धूळ व राख साचल्यासही तोटा होतो.

वरील उदाहरणातील घराचा दिवे, पंखे, शीतकपाट व कडबाकुट्टी यंत्र मिळून महिन्याचा वापर २४० युनिट असेल, तर दिवसास ८ युनिट, म्हणजे २ किलोवॅट पुरेसे होतात. गच्चीवर ९.७ किलोवॅट बसू शकतात म्हणून तेवढे बसवावे, असे नव्हे. जादा वीज नेट मीटरद्वारे वाहिनीत जाते खरी, परंतु वर्षअखेर शिल्लक राहणाऱ्या युनिटांचा मोबदला आपण विकत घेतो त्या विजेच्या दरापेक्षा कमी असतो. शिवाय बॅटरी नसलेली साधी यंत्रणा वाहिनीतील वीज गेली की सुरक्षिततेसाठी आपोआप बंद पडते. भारनियमनात वीज हवी असल्यास बॅटरीचा खर्च वेगळा धरावा लागतो. शेतातील पंपासाठी स्वतंत्र योजना आहेत. त्याचा भार घराच्या छपराच्या हिशेबात मिसळू नये.

हीच गोष्ट देशाच्या आकड्यांतही दिसते. ऊर्जा, पर्यावरण आणि जल परिषद या संशोधन संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार देशातील घरांच्या छपरांवर ६३७ गिगावॅट क्षमता बसू शकते. घरांचा वीजवापर विचारात घेतल्यावर हा आकडा ११८ गिगावॅटवर येतो, आणि सहाय्याविना खर्च परवडणारी कुटुंबे धरल्यास केवळ ११ गिगावॅट उरतात. छप्पर, गरज व ऐपत या तिहींत जे सर्वांत लहान, तीच खरी क्षमता होय.

ऐपतीची उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी केंद्र शासनाने २९ फेब्रुवारी २०२४ रोजी पीएम सूर्यघर मोफत वीज योजनेस मंजुरी दिली. एक कोटी कुटुंबांसाठी ७५,०२१ कोटी रुपयांच्या या योजनेत १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० रुपये व ३ किलोवॅट किंवा अधिक क्षमतेस ७८,००० रुपये असे सहाय्य ठरविण्यात आले. ३ किलोवॅटच्या पुढे सहाय्य वाढत नाही, हे क्षमता ठरविताना विसरू नये.

ग्रामपंचायतींसाठी कामाचा क्रम

१. स्वामित्व मोजणीचे नकाशे उपलब्ध आहेत काय ते पाहावे. नसल्यासच नवी मोजणी करावी.

२. छपरांची प्रकारवार यादी करून माळवदे, मोडकळीस आलेली छपरे व उत्तरेची पाखी वगळावीत.

३. उंचीच्या नकाशावरून वर्षभराच्या सावलीचा हिशेब करून घ्यावा.

४. निवडलेल्या छपरांची जाणकाराकडून खालून तपासणी करावी व दहा-बारा घरांची मापे टेपने घेऊन नकाशाशी ताडून पाहावीत.

५. प्रत्येक कुटुंबाची मागील बारा महिन्यांची वीजबिले पाहून गरज ठरवावी.

६. शाळा, ग्रामपंचायत कार्यालय, सोसायटीचे गोदाम व दूध संकलन केंद्र यांच्या छपरांचा विचार प्रथम करावा. ज्यांच्या घरावर योग्य जागा नाही, अशा कुटुंबांनाही त्या विजेचा लाभ पोहोचू शकतो.

७. तयार झालेला तक्ता ग्रामसभेत वाचून दाखवावा व प्रत्येकास आपल्या घराची नोंद तपासण्याची संधी द्यावी.

ड्रोनमुळे पूर्वी महिनोन् महिने लागणारे मापाचे काम काही तासांवर आले आहे. त्यामुळे वाचलेला वेळ छपराखाली जाऊन वासे पाहण्यात, बिले तपासण्यात व शेजाऱ्यांशी बोलण्यात खर्च करावा. विक्रेत्याने नकाशावरील मोठा आकडा दाखविला, तर त्यातून सावली, आधार व गरज वजा केली आहे काय, हे शेतकरी बंधुभगिनींनी निःसंकोच विचारावे. ही वजाबाकी करून जो आकडा उरेल, तेवढ्यासाठीच कर्ज काढावे. असे केल्यास छपरावरील ऊन संसारास हातभार लावील, ओझे होणार नाही.